तीनचा गजर : टाइप १ डायबेटीसवाल्या मुलांच्या आईबापांनो, या इकडे

सईची आई

परवा लेकीला हॉस्टेलवर सोडून आले. काल दुपारी फ्रिज पुसायला काढला तर दारातला वरून दुसरा कप्पा रिकामा. अकरा वर्षं त्या कप्प्यात इन्सुलिन सोडून काही ठेवलं नव्हतं. एकदा नणंदेने तिथे लोणच्याची बरणी ठेवली तर केवढी तडकले होते तिच्यावर. बिचारी अजून आमच्याकडे आली की फ्रिज उघडायच्या आधी विचारते. फडकं हातात धरून उभीच राहिले. फ्रिज ट्यांव ट्यांव करायला लागला तेव्हा दार लावलं.

आणि रात्री बरोबर तीनला जाग. तिची साखर तपासायला लावलेला गजर मुद्दाम बंद केला होता, तरी.

सात वर्षांची होती तेव्हा. दिवाळीची सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, मोरीत गोड काय सांडलंस, मुंग्यांची रांग लागलीय. मी फिनेल ओतलं आणि विसरले. पोरगी तांब्याच्या तांब्याने पाणी प्यायची, मला वाटलं फटाके उडवून, उन्हात हुंदडून घसा कोरडा पडत असेल. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. तीन वर्षांची झाल्यापासून कधी केलं नव्हतं तिने. दोनदा ओरडले आणि तिसऱ्या दिवशी पाठीत धपाटा घातला. बाकी सगळं विसरायला होतं, तो धपाटा नाही होत.

भाऊबीजेला उलट्या सुरू झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, ग्लुकोजचं पाणी पाजत राहा. पाजलं हो मी. रात्रभर पाजलं. पहाटे श्वास असा लागला की जिना चढून आल्यासारखा, झोपलेली असून. तोंडाला पिकून सडायला आलेल्या फळांसारखा वास. मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत डोळे फिरवत होती. साखर ५४७, लघवीत कीटोन (इन्सुलिन नसलं की अंगात साचणारं आम्ल). चार दिवस आयसीयू. तिथल्या सिस्टरने सांगितलं, आता रोज चार सुया, आणि हे कायमचं. मी विचारलं, कायमचं म्हणजे किती दिवस?

बास, फार लिहिलं. तुमचंही लिहा. क्रम, शुद्धलेखन काही नको. पोळ्या करता करता लिहा.

ठाण्याची केतकी

मुंग्या!!! लघवीतल्या साखरेच्या. सेम. आमच्याकडे चाळीत सगळ्यांचा मिळून एकच संडास होता त्यामुळे कुणाच्या मुंग्या ते कळायला महिना गेला 😀 आता हसते. तेव्हा नाही.

धपाटा मीही घातलाय. टॉनिक पण चालू केलं होतं, गोड टॉनिक, वजन उतरतंय म्हणून.

अण्णा लातूरकर

ताई तुमचा कप्पा वाचून आमचा माठ आठवला. मुलगा १२ चा आहे, पाचव्या वर्षापासून इन्सुलिनवर. गावात एप्रिल-मेमध्ये लाईट कधी सहा तास तर कधी दहा तास नाही. फ्रिज असून काय कामाचा. डॉक्टरांनीच सांगितलं, मोठ्या माठात ओली वाळू घाला, त्यात लहान मडकं बसवा, त्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवा, वर ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी मारायचं. मी खात्री करायला आत थर्मामीटर ठेवला होता. बाहेर ४२, आत २६. आमची म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, त्या माठातलं पाणी पिऊ नका, त्यात नातवाचा जीव आहे.

सईची आई

अण्णा, आजींना नमस्कार सांगा.

आर्याचा बाबा

आर्या नावावरून मुलगी वाटते सगळ्यांना, मुलगा आहे, नाव आर्यमन. १४ वर्षं.

आमच्याकडचा किस्सा. मागच्या वर्षी सातवीत असताना वहीत साखरेचे एकसारखे सुंदर आकडे. ११२, ११८, १०९. बायको खूश. मी मित्रांना सांगितलं की पोरगं सुधारलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आली ती १०.४ टक्के, म्हणजे खूपच जास्त. डॉक्टरांनी साखर मोजायचा मीटर मागितला, मेमरी बघितली, तिथेही ११२, ११८. डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी डॉक्टरांकडे. मग त्यांनी आर्याला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, मीटरच्या डब्यात ती लहान बाटली असते ना तपासणीच्या द्रावणाची, ती किती भरलेली आहे?

रिकामी. पठ्ठ्या बोट टोचतच नव्हता, ते पाणी स्ट्रिपवर घालत होता. ते कायम ठरलेल्या आकड्याच्या आसपासच दाखवतं.

घरी येताना रिक्षात एक शब्द बोललो नाही मी. रात्री तोच आला. म्हणाला, "बाबा, आकडा वाईट आला की तुम्ही दोघं एकमेकांशी भांडता."

जुनी खोड

मी या धाग्यावर आई-बाप म्हणून नाही, पेशंट म्हणून. १९८४ साली, वय ९, मिरज. तुम्हा लोकांकडे मीटर आहे, अंगावर चिकटवून सतत साखर सांगणारा सेन्सर आहे. आमच्याकडे परीक्षानळी होती.

निळं बेनेडिक्ट द्रावण ५ मिली, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि स्टोव्हवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. सकाळी सहाला आमच्या स्वयंपाकघरात एका बर्नरवर चहा आणि दुसऱ्यावर मी. वडील म्हणायचे, आज कुठला झेंडा? गंमत अशी की लघवीतली साखर म्हणजे काही तासांपूर्वीची बातमी. आत्ता रक्तात काय चाललंय ते त्यातून कळत नाही. निळं आलं म्हणून आई निर्धास्त आणि मी शाळेच्या प्रार्थनेत घामाघूम होऊन आडवा, असं कितीदा झालं.

सिरिंज काचेची. रोज उकळायची. सुई तीच तीच, बोथट झाली की वडील दगडावर घासून धार लावायचे. खोटं वाटेल पण खरं आहे. इन्सुलिन डुकराचं नाहीतर गाईचं. आजीला सांगितलं नव्हतं. देवासमोर बसून रोज माझ्यासाठी जप करायची आणि मी मागे बसून गाईचं इन्सुलिन टोचून घ्यायचो.

आता पन्नाशी आली. डोळ्यांना दोनदा लेझर झालंय, किडनी ठीक आहे, मुलगी बारावीत आहे. तिला नाही. सईच्या आई, मुलगी हॉस्टेलवर राहू शकते. मी १९९३ ला सांगलीहून पुण्याला गेलो तेव्हा खोलीवर फ्रिज नव्हता. मेसच्या मावशींच्या दह्याशेजारी माझी बाटली असायची.

ठाण्याची केतकी

दगडावर धार 😳😳

नुसतीच वाचक

काका तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काहीच बोलला नाही, उठून मुलाच्या खोलीत जाऊन आला.

इतिहासाचा किडा

जुनी खोड यांनी बेनेडिक्ट काढलंच आहे तर माझा किडा वळवळला. ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. तो पहिला डोस इतका अशुद्ध होता की टोचलेल्या जागी गळू झालं आणि साखर फारशी उतरली नाही. कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बसून ते शुद्ध केलं, मग २३ जानेवारीला पुन्हा दिलं, तेव्हा खरा उतार पडला. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार. नुसती हाडं उरायची, मरण थोडं पुढे ढकललं जायचं इतकंच.

इन्सुलिन शोधणाऱ्यांतल्या बॅंटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर. म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. यात काही अर्थ नाही, पण मला दरवर्षी आठवतं.

आणि पेटंट? टोरंटो विद्यापीठाला एका डॉलरला देऊन टाकलं होतं.

अण्णा लातूरकर

एका डॉलरला? मग माझं महिन्याचं बिल कुणाच्या खिशात जातंय ते पण शोधा किडासाहेब. साधं इन्सुलिन एकवेळ परवडतं हो, दीडशेच्या आसपास बाटली येते. मारतात त्या स्ट्रिप. एक स्ट्रिप वीस रुपयांच्या घरात. दिवसाला चार म्हटलं तरी हिशोब करा. सोयाबीनला भाव नसला की आम्ही दोनवर येतो.

प्राण्यांचा डॉक्टर

माझा इथे बोलायचा अधिकार शून्य, पण वाचल्याशिवाय राहवलं नाही. मी कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर. कुत्र्यांना डायबेटीस झाला तर तो बहुतेक इन्सुलिनवालाच असतो. माझ्याकडे एक पोमेरेनियन येतं, दिवसाला दोन सुया. मालकीणबाई ८० वर्षांच्या. स्वतःच्या गोळ्या विसरतात, त्याची सुई नाही.

ठाण्याची केतकी

डॉक्टर, कुत्रा पण मीटरमध्ये पाणी घालतो का 😀

आर्याचा बाबा

😑

मी ऋजू

मी १७. नवव्या वर्षापासून आहे. आई हा धागा वाचते म्हणून मीही वाचतेय (हाय आई).

माझा सेन्सर आईच्या फोनला जोडलाय. वर्गात बसलेली असते आणि मेसेज येतो, "२४० का???" तीन प्रश्नचिन्हं. मी काय सांगू का? गणिताचा पेपर होता म्हणून २४०. टेन्शनने पण चढते. पाळीच्या आधी चार दिवस पण चढते. कधीकधी काही न होता पण चढते. मोठ्यांना वाटतं प्रत्येक आकड्याच्या मागे आपण खाल्लेलं काहीतरी असतं.

आणि शाळेत मुलं विचारतात तू लहानपणी खूप चॉकलेट खायचीस का. आधी समजावून सांगायचे की शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं वगैरे. आता सांगते हो, एक ट्रक.

सईची आई काकू, तिला "किती आहे" विचारू नका. "जेवलीस का" विचारा.

सईची आई

ऋजू बाळा, "जेवलीस का" विचारून पाहिलं कालच. म्हणाली, "आई, तुला किती आहे ते विचारायचंय ना." अकरा वर्षांत आवाजावरून ओळखायला लागलीय.

तिने जाताना माझ्या फोनवरून तिचा सेन्सर काढून टाकला बरं का. विचारून काढला, मी हो म्हटलं. पण हो म्हणायला आणि रात्री तीनला जाग यायला काय संबंध नाही.

ऋजूची आई

हाय ऋजू. तीन प्रश्नचिन्हं नव्हती, दोन होती.

निसर्गोपचार प्रेमी

सर्व पालकांना विनंती, निराश होऊ नका. जांभळाच्या बियांची पूड व कारल्याचा रस ४१ दिवस अनशापोटी दिल्यास इन्सुलिन हळूहळू बंद होते. आमच्या ओळखीत उदाहरण आहे. ज्यांना हवे त्यांनी व्यनि (खासगी निरोप) करावा.

नुसतीच वाचक

करू नका हो असं. हात जोडते. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला अशाच एका सांगण्यावरून इन्सुलिन बंद केलं होतं. पहिले काही आठवडे कमी डोसवर भागतही होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं गुण आला. तो हनिमून असतो, सुरुवातीला काही महिने स्वादुपिंडात थोडं इन्सुलिन शिल्लक असतं. ते संपलं, आणि सुई बंद केल्यापासून तिसऱ्या दिवशी पोरगी व्हेंटिलेटरवर. वाचली. पण कसली वाचली ते आम्हाला विचारा.

जुनी खोड

४० वर्षांत मी इतकं कारलं प्यायलो आहे की मला वेल फुटायला हवा होता. सुई एक दिवस सुटली नाही. कारलं भाजी म्हणून खा, चिंच-गूळ घालून छान लागतं.

निसर्गोपचार प्रेमी

मी फक्त सुचवले. राग नसावा.

कुमुद आजी

मी ७१ वर्षांची आहे, नातू आठ वर्षांचा. मोबाईलवर मराठी टाईप करायला सुनेने शिकवलं. सून आणि मुलगा दोघं नोकरीला, दुपारची सुई माझ्याकडे. पन्नास वर्षं शिवणकाम केलं पण ही सुई हातात घेतली की हात लटपटायचा. मग सुनेने संत्रं आणून दिलं, त्याला टोचून बघा म्हणाली. अर्धा डझन संत्र्यांना पाणी भरलं. आता नातू म्हणतो आजीचीच सुई दुखत नाही. त्याला माहीत नाही मी देताना डोळे मिटते. म्हणजे आधी नीट बघते, जागा बदलली का, काल डावीकडे होती आज उजवीकडे, आणि मग मिटते.

एक आंब्याची गोष्ट सांगते. मे महिन्यात दुपारी मीटर लावला तर ४८६. माझे हातपाय गळाले. सुनेला फोन लागेना. इन्सुलिनच्या पेनात जास्तीचे युनिट फिरवून ठेवले. तेवढ्यात नातू बोट चाटायला लागला. पोराने रायवळ आंबा चोखून खाल्ला होता, हात चड्डीला पुसले होते. साबणाने हात धुवून परत बोट टोचलं तर १३२. मी खाटेवर बसून राहिले. टोचलं असतं तर काय झालं असतं.

ठाण्याची केतकी

आजी 🙏 हे सगळ्यांनी फ्रिजवर लिहून चिकटवा. आधी हात धुवा.

नीरजा फ

चुकीचं टोचल्याची गोष्ट माझ्याकडे आहे. आजपर्यंत सासरी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

लग्नाला गेलो होतो गावी. लेक १० वर्षांची. पेन बॅगेतून पडून तडकलं, कार्ट्रिज म्हणजे आतली इन्सुलिनची नळी शाबूत. मेडिकलवाल्याकडून सिरिंज आणली, कार्ट्रिजमधून काढून ८ युनिट दिले. ८ च्या रेघेपर्यंत मोजून, चष्मा लावून, कार्यालयातल्या ट्यूबलाईटखाली धरून. सिरिंजची टोपी लाल होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं (एका मिलीत ४० युनिट) असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० चं, त्याला केशरी टोपीची सिरिंज लागते. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ८ च्या रेघेपर्यंत भरलं म्हणजे २० युनिट गेले. अडीचपट.

मला हे माहीत होतं. शिबिरात शिकवलं होतं, वहीत लिहिलेलं आहे माझ्या अक्षरात. पण वरात दाराशी आली होती, सगळे हाका मारत होते. पाऊण तासाने लेक म्हणाली, आई स्टेज हलतंय. साखर ४१. मग काय रात्र गेली ती. रसवंतीवाल्याकडून ऊसाचा रस, साखरेचं पाणी, जिलबीचा पाक. दर पंधरा मिनिटांनी बोट. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज लावलं तेव्हा कुठे आकडा टिकायला लागला. पहाटे ती म्हणाली मला आता आयुष्यात जिलबी नको.

नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना "लग्नाचं जेवण उशिरा झालं म्हणून" असं सांगितलंय.

सईची आई

नीरजा. काही बोलत नाही. इथे आलीस ते बरं केलंस.

लीड्सवाली

इंग्लंडातून. इथे २०२२ पासून टाइप १ च्या सगळ्या मुलांना सेन्सर सरकारी खर्चाने द्यावा अशी शिफारस आहे, आमच्या मुलाला तसाच मिळाला. अण्णांचा स्ट्रिपचा हिशोब वाचून लिहायलाच कसंतरी होतंय.

पण एक गंमत. इथलं एकक वेगळं, १८ ने भागायचं. आपल्याकडचे १०८ म्हणजे इथले ६. माझी आई सांगलीला. सुरुवातीला फोनवर विचारलं किती आहे, मी म्हटलं ६. तिकडे फोन खाली पडल्याचा आवाज आणि मागून बाबांचा, "काय झालं गं?" आता मी गुणून सांगते. रात्री झोपेत गुणाकार करते.

आणि सेन्सरवर डोळे मिटून विश्वास नको. हा रात्री दंडावर पालथा पडतो, ज्या दंडावर सेन्सर आहे त्यावरच. दाबला गेला की खोटा खाली दाखवतो. अलार्म वाजतो, मी ज्यूस घेऊन धावते, बोट टोचते, ६. म्हणजे १०८ 😀 कूस बदलून देते आणि तो ज्यूस मीच पिते.

नागपूरचा संत्रा

कुमुद आजींनी संत्र्यांवर केलेल्या अत्याचाराचा निषेध.

अण्णा, खरं सांगायचं तर तुमच्यासाठी लिहायला आलो. आमच्याकडे नागपुरात ड्रीम ट्रस्ट आहे, डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला. गरीब घरच्या मुलांना इन्सुलिन फुकट. तुमच्या बाजूला संभाजीनगरात उडान आहे, टाइप १ च्या मुलांसाठीच. विचारून तर बघा.

अण्णा लातूरकर

उडानला जाऊन आलोय. तिथे पहिल्यांदा माझ्या पोराला दुसरं पोर दिसलं सुई घेताना. येताना एसटीत मला म्हणाला, त्याच्यापेक्षा मी फास्ट घेतो.

झेडपीचा गुरुजी

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, चौथी. पालकांनी लपवून ठेवलं होतं, मुलीची जात, उद्या लग्न जमायचं कसं वगैरे. मला कळलं ते ती फळ्यासमोर उभी राहून काहीच्या काही बोलायला लागली तेव्हा. पाढा म्हण म्हटलं तर हसतच सुटली, मग रडायला लागली. आधी मी रागावलो. मग घाम बघितला.

आता टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज पावडरचा डबा. आधी मी चॉकलेट ठेवायचो, तिच्या डॉक्टरांनी बंद करायला लावलं. चॉकलेट तुपकट, साखर चढायला वेळ लावतं. चिक्की पण नको, शेंगदाणा आडवा येतो. सरळ तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं. ७० च्या खाली असेल तर परत. वर्गातल्या पोरांना पण सांगून ठेवलंय. एक पोरगा रोज विचारतो, गुरुजी मलापण चक्कर येतेय.

नीरजा फ

गुरुजी तुमच्यासारखे सगळीकडे नसतात. लेकीच्या आधीच्या शाळेत (नाव नाही घेत) परीक्षेत डबा उघडला म्हणून पेपर काढून घेतला होता. साखर खाली गेलीय सांगत होती ती. सीबीएसईने २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेला अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी, मीटर आत न्यायला परवानगी दिली आहे, ते परिपत्रक छापून नेऊन दाखवलं तर म्हणाल्या हे बोर्डासाठी आहे, आमची युनिट टेस्ट आहे.

मी ऋजू

😂😂 युनिट टेस्ट. आपली तर रोजच युनिट टेस्ट.

जुनी खोड

ऋजू, हा विनोद मी चोरणार आहे.

गिरगावकर

मोदकांबद्दल कोणीच बोललं नाही? आमच्या घरी गणपतीत वजनकाटा देवासमोर असतो. पहिल्या वर्षी बायकोने लेकाला मोदक दिलाच नाही, तो देव्हाऱ्यामागे लपून तीन खाऊन आला आणि संध्याकाळी ४००. दुसऱ्या वर्षी आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, देऊ नका असं कुणी सांगितलं? मोजा आणि द्या. आमच्या साच्यातला उकडीचा मोदक आम्ही २५ ग्रॅम कार्ब (पिष्ट आणि साखर) धरतो. लेकाला जेवणाच्या १५ ग्रॅमला १ युनिट लागतं. दोन मोदकांचे साडेतीनच्या आत-बाहेर, वरण-भाताचे वेगळे. तूप मात्र बदमाश आहे. तुपामुळे साखर दोन तासांनी चढत नाही, चार-पाच तासांनी चढते, म्हणजे सगळे झोपल्यावर. पुरणपोळीचं तेच.

आणि उपास! लोक म्हणतात उपासाला हलकं. साबुदाण्याची एक प्लेट म्हणजे नुसती पिठूळ साखर. आमच्याकडे एकादशीला लेक भाकरी खातो, विठोबाला चालतं.

धिरडं

आयडी बघून हसू नका. माझी भाची नवीन आहे यात, दोन महिने झाले. सकाळी सातची बस, साडेसहाला तिला काही खायचं नसतं, सुई तर घ्यायची असते. मुगाचं धिरडं चालेल का? प्रमाण काय?

आर्याचा बाबा

सुई आधी आणि खाणं नंतर, असं असेल तर खाल्लं जाणार याची खात्री झाल्याशिवाय सुई नको. आम्ही आर्याला लहान असताना खात्री नसली की डॉक्टरांना विचारून खाल्ल्यावर लगेच द्यायचो, झटपटवालं इन्सुलिन असेल तर. साधं असेल तर ते अर्धा तास आधी लागतं, मग वांधा. डॉक्टरांशी बोला.

वाढत्या वयात डोस वाढला की घाबरू नका. आमचा १८ युनिटवरून आता ५८ वर आहे. बायकोला वाटलं आजार वाढला. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, मिशा वाढतायत.

परवा त्याला सांगितलं की वासीम अक्रमला पण आहे, १९९७ पासून, त्यानंतरही तो वर्षानुवर्षं खेळला. म्हणाला, तो पाकिस्तानचा आहे. म्हटलं स्वादुपिंडाला पासपोर्ट नसतो. आता बॉलिंग टाकायच्या आधी स्वतःहून बोट टोचतो. खरंखुरं बोट.

ठाण्याची केतकी

बादवे तो पेनासाठीचा पाण्यात भिजवायचा पाऊच कुणी वापरतं का? प्रवासाला बरा पडतो का?

लीड्सवाली

बरा पडतो. विमानात मात्र हातातल्या बॅगेतच, खाली सामानात टाकलं तर गोठायची भीती. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळून वापरायचं नाही.

सईची आई

पाऊचवरून आठवलं, धागा वर आणते. सईचा फोन आला दुपारी. मला वाटलं खाली गेली की काय, हातातली परात टाकून धावले. तर म्हणे, आई, जादाच्या कार्ट्रिजचा खोका घरीच राहिला, भाजीच्या कप्प्यात बघ. मी दाराचा कप्पा रिकामा बघून गळा काढला आणि खाली मेथीच्या जुडीमागे पाच कार्ट्रिज बसलेले. तिनेच ठेवले होते, बॅग भरताना जागा करायला.

आता हे उद्या सकाळच्या गाडीने निघतायत घेऊन. थर्मासमध्ये घालू का?

अण्णा लातूरकर

थर्मासमध्ये घाला पण बर्फाला चिकटू देऊ नका. खोका फडक्यात गुंडाळा, मग पिशवीत, मग थर्मास. आणि साहेबांना सांगा, एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

सईची आई

सांगते. ते म्हणतायत मांडीवर घेऊन बसतो.

धिरडं

मुगाचं प्रमाण राहिलंच.

कुमुद आजी

एक वाटी हिरवे मूग रात्री भिजव, सकाळी आलं-मिरची घालून वाट. तांदूळ घालू नकोस. मध्यम आकाराची सहा होतात. पहिलं चिकटतं, ते आपण खायचं.